व्हीडीआरएल १:४ : सहा वर्षं कुणी न वाचलेली एक ओळ

ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्यापेक्षा तिच्या फाइलीकडे आधी लक्ष गेलं. रबरबँड तुटायला आलेला, कागदांचे कोपरे दुमडलेले. वय ३१, तीन वेळा दिवस गेले, हातात मूल नाही. सगळ्यात वरच्या कागदावर निळ्या शाईने दोनच शब्द : 'इम्यून फॅक्टर'.

"माझं शरीर बाळाला परकं समजतं आणि मारून टाकतं, असं सांगितलंय मला," ती म्हणाली. आवाजात रडणं नव्हतं. हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं होतं की ते आता पत्त्यासारखं तोंडून निघत होतं.

(हे प्रकरण शिकवण्यासाठी बेतलेलं आहे. यातली 'ती' कुणी एक बाई नाही. मिळत्याजुळत्या हकिगतींचे तपशील एकत्र केले आहेत.)

हकिगत अशी. पहिल्या वेळी सात आठवड्यांची सोनोग्राफी झाली, ठोके दिसले, नवव्या आठवड्यात थांबले. दुसऱ्या वेळी आठव्या आठवड्यात तेच. लागोपाठ दोनदा असं झालं की घाबरायला होतं, पण पहिल्या तीन महिन्यांतले निम्मे किंवा त्याहून जास्त गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांत झालेल्या आकस्मिक चुकीमुळे होतात. तेवढ्यावरून आईत दोष आहे असं म्हणता येत नाही. खरी गोष्ट तिसऱ्या वेळची. तेव्हा सगळं सुरळीत चाललं होतं. अठराव्या आठवड्याच्या तपासणीत बाळ रचनेने व्यवस्थित होतं, फक्त थोडं लहान. २२व्या आठवड्यात पाणी कमी आणि ठोके बंद. बाळाच्या गुणसूत्रांची तपासणी नॉर्मल आली. वार पॅथॉलॉजीला पाठवली होती.

तो वारेचा रिपोर्ट फाइलीत होता. तीन पानं, स्टेपल केलेली, आणि पिन अजून घट्ट. म्हणजे दुसरं पान कुणी उलटलंच नव्हतं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं : वार वजनाने लहान, बरेचसे भाग रक्तपुरवठ्याअभावी मेलेले, आईकडून येणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या भिंती खराब. हे नाकारलेल्या बाळाचं चित्र नाही, उपाशी राहिलेल्या बाळाचं आहे.

जाड फाइल मी तळापासून वाचते. वरचे कागद सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्यावर मतं ठरलेली असतात. तळाला पहिल्या वेळच्या नेहमीच्या रक्ततपासण्या असतात, घाईत केलेल्या आणि 'बाकी नॉर्मल' म्हणून सोडून दिलेल्या. तिच्या तळाच्या कागदावर एक ओळ होती : व्हीडीआरएल, रिअॅक्टिव्ह, १:४, म्हणजे रक्त चारपट विरळ केलं तरी पॉझिटिव्ह. शेजारी पेन्सिलने 'टीपीएचए निगेटिव्ह, दुर्लक्ष करावे'.

त्या ओळीबद्दल विचारलं तर ती एकदम गप्प झाली. नवरा खाली बघायला लागला. मग हळूहळू कळलं. सहा वर्षांपूर्वी त्या एका रिपोर्टवरून दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले होते. व्हीडीआरएल ही सिफिलिसची म्हणजे गरमीच्या रोगाची तपासणी. कुणाकडून आला, लग्नाआधी काही होतं का, वगैरे. नंतर टीपीएचए, म्हणजे खात्री करून घ्यायची तपासणी, दोघांचीही निगेटिव्ह आली, पण तोपर्यंत घरात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. चार महिने दोघं धड बोलले नव्हते. 'दुर्लक्ष करावे' हे त्यांनी मनापासून पाळलं होतं.

आणि दुर्लक्ष करण्यासारखी नेमकी तीच ओळ नव्हती.

व्हीडीआरएल सिफिलिसचा जंतू शोधत नाही. १९०६ साली वासरमनने या जातीची पहिली तपासणी काढली तेव्हा त्याला वाटलं होतं की आपण जंतूच पकडतो आहोत. प्रत्यक्षात रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) एका स्निग्ध पदार्थाला चिकटत होती. १९४१ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी तो पदार्थ गुरांच्या हृदयातून वेगळा काढला. हृदयातला म्हणून कार्डिओलिपिन. हा फॉस्फोलिपिड म्हणजे आपल्या पेशींच्या पापुद्र्यांत असतो त्या जातीचा स्निग्ध पदार्थ. सिफिलिसमध्ये त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, पण इतर कारणांनीही होतात. टीपीएचए मात्र थेट जंतूविरुद्धची प्रतिपिंडं बघते. पहिली पॉझिटिव्ह, दुसरी निगेटिव्ह, याचा अर्थ 'रोग नाही' एवढाच घेऊन थांबायचं नसतं. रोग नसताना ही प्रतिपिंडं इथे काय करताहेत, हा प्रश्न उरतो. तिच्या फाइलीत तो सहा वर्षं उरला होता.

मग बाकीचे कागद वेगळ्या नजरेने बघितले. प्लेटलेट्स दर वेळी १ लाख २० ते ३० हजारांच्या आसपास, 'किंचित कमी, काळजी नको'. एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाची एक चाचणी, ४८ सेकंद. नॉर्मल नमुना ३०. त्यावर शेरा : 'रक्तस्रावाची प्रवृत्ती? अॅस्पिरिन देऊ नये.' पण तिला कधी हिरड्यांतून रक्त आलेलं नव्हतं, दात काढला तेव्हा त्रास झाला नव्हता, पाळीतही जास्त जात नव्हतं. तपासताना मांड्यांवर आणि गुडघ्यांभोवती निळसर-जांभळी जाळी दिसली, मासे पकडायच्या जाळ्यासारखी. "ते थंडीचं आहे, लहानपणापासून," ती म्हणाली. तसं असूही शकतं. पण त्वचेवरच्या या जाळीला आमच्याकडे नाव आहे, लिव्हिडो, आणि एवढ्या सगळ्या कागदांच्या सोबतीने ती आली की योगायोग म्हणवत नाही.

संशय होता अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमचा. १९८३ मध्ये ग्रॅहम ह्यूज यांनी हे दुखणं एका धाग्यात गुंफून मांडलं : रक्ताच्या गुठळ्या, वारंवार गर्भ जाणं, आणि रक्तात ही प्रतिपिंडं.

फाइलीत 'एपीएलए निगेटिव्ह', म्हणजे हीच प्रतिपिंडं नाहीत, असंही लिहिलं होतं, म्हणून थोडं थांबावं लागलं. मागे जाऊन पाहिलं तर केलेली तपासणी एकच : कार्डिओलिपिनची आयजीएम प्रतिपिंडं, एकदाच. खरं तर तीन गोष्टी बघायच्या असतात : कार्डिओलिपिनविरुद्धची प्रतिपिंडं, बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ या प्रथिनाविरुद्धची (दोन्हींत आयजीजी आणि आयजीएम हे प्रतिपिंडांचे दोन प्रकार), आणि ल्युपस अँटिकोअॅग्युलंट. तिन्हींपैकी शेवटची सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी वेळा सांगितली जाणारी, कारण नमुना नीट हाताळावा लागतो, हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध चालू असेल तर निकाल फसवा येऊ शकतो, अंगात दाह (इन्फ्लमेशन) असेल तरी गोंधळ होतो.

ल्युपस अँटिकोअॅग्युलंट हे नाव दोन्ही बाजूंनी खोटं आहे. ज्यांच्यात सापडतं त्यांतल्या पुष्कळांना ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, नसतो. आणि शरीरात ते रक्त पातळ करत नाही, उलट गुठळ्या करतं. नाव पडलं ते परीक्षानळीमुळे. नळीत रक्त गोठायला फॉस्फोलिपिडचा पृष्ठभाग लागतो. ही प्रतिपिंडं तोच अडवून बसतात, म्हणून वेळ वाढतो. आकडा बघणाऱ्याला वाटतं रक्त पातळ आहे. 'अॅस्पिरिन देऊ नये' हा शेरा तिथून आला. म्हणजे जे औषध द्यायला हवं होतं तेच तिला बंदी होतं.

तिच्या प्लाझ्मात नॉर्मल प्लाझ्मा निम्मानिम्म मिसळला तरी वेळ भरून निघाला नाही. गोठवणारा एखादा घटक कमी असता तर निघाला असता. पुढची चाचणी डीआरव्हीव्हीटी. यात घोणसीचं विष वापरतात, अत्यंत विरळ केलेलं. ते गोठण्याच्या साखळीत मधेच, दहाव्या घटकावर, थेट जाऊन बसतं, त्यामुळे अलीकडच्या घटकांचा घोळ बाजूला पडतो. विषातही वेळ लांबला, आणि फॉस्फोलिपिड जास्त घातल्यावर जवळजवळ जागेवर आला. म्हणजे ल्युपस अँटिकोअॅग्युलंट आहे. कार्डिओलिपिन आयजीजी ६२ एकक. ४०च्या वर गेलं की आम्ही ते गंभीरपणे घेतो. बीटा-२ ग्लायकोप्रोटीनही चढलेलं. तिन्ही पॉझिटिव्ह.

तरीही निदान लिहिलं नाही. साधा संसर्ग झाला तरी ही प्रतिपिंडं काही आठवडे दिसू शकतात आणि निघून जातात, म्हणून किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं. ती चिडली. "आणखी तीन महिने? मी एकतीसची आहे." तिचं चिडणं रास्त होतं. पण या निदानाबरोबर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात रोज इंजेक्शन येतं, गर्भनिरोधक गोळ्यांची बंधनं येतात, प्रत्येक ऑपरेशनच्या आधी सांगायची एक गोष्ट येते. एका नमुन्यावर ते गळ्यात बांधू नये.

हे तीन महिने रिकामे गेले नाहीत, कारण आधीचं बरंच काही सोडवायचं होतं. तिसऱ्या वेळेनंतर तिची रक्तातल्या एनके पेशींची तपासणी झाली होती, 'जास्त' आली होती. त्यावर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू होतं, शिरेतून सोयाबीन तेलाच्या इंट्रालिपिडच्या बाटल्या लावल्या होत्या, आणि पुढच्या वेळी नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचायचा बेत होता.

एनके म्हणजे नॅचरल किलर. नावातच मारेकरी, त्यामुळे गोष्ट ऐकणाऱ्याला लगेच पटते : मारेकरी जास्त, म्हणून बाळ मेलं. या गोष्टीचं मूळ जुनं आहे. १९५३ मध्ये पीटर मेडावर यांनी विचारलं होतं, निम्मी जनुकं बापाची असलेला गर्भ आईचं शरीर नऊ महिने कसा सहन करतं? परक्याची त्वचा लावली तर काही दिवसांत गळून पडते. प्रश्न बरोबर होता, पण त्यातून लोकांनी युद्धाचं चित्र घेतलं, आणि गर्भाशयात बघितलं तर ते चित्र जुळत नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भाशयाच्या अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के एनके पेशी असतात. निरोगी गरोदरपणात. त्या तिथे मारत नाहीत. वारेच्या पेशी आत शिरत असताना आईच्या नागमोडी धमन्या सैल आणि रुंद व्हाव्या लागतात, त्या कामाला या पेशी हातभार लावतात. वारेच्या या पेशीही हुशार. परकेपणाची जी मुख्य ओळखपत्रं, एचएलए-ए आणि बी, ती त्या बाहेर दाखवतच नाहीत. एचएलए-सी, ई आणि जी दाखवतात, आणि त्यांवरून दोन्ही बाजूंची बोलणी चालतात. रक्तात फिरणाऱ्या एनके पेशी वेगळ्या वळणाच्या असतात. दंडातून रक्त काढून गर्भाशयातल्या पेशींचा अंदाज करणं म्हणजे रस्त्यावरची गर्दी मोजून शेजारच्या घरात काय चाललंय ते सांगणं.

नवऱ्याच्या पेशी टोचण्याची नीट चाचणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. उपचार घेतलेल्यांत यश ३६ टक्के, सलाइनचं इंजेक्शन घेतलेल्यांत ४८. स्टिरॉइडचं १९९७ मध्ये बघितलं गेलं. वारंवार गर्भ जाणाऱ्या आणि रक्तात स्वतःविरुद्ध प्रतिपिंडं असलेल्या बायकांना प्रेडनिसोन आणि अॅस्पिरिन दिलं, तर जिवंत बाळांच्या संख्येत म्हणावा असा फरक पडला नाही. पण वेळेआधी बाळंतपण ६२ टक्के, दुसऱ्या गटात १२. तिचं प्रेडनिसोलोन हळूहळू उतरवून बंद केलं. बेत रद्द झाल्यावर नवऱ्याने सुस्कारा सोडला, तिने नाही. उपचार काढून घेतला की माणसाला उघडं पडल्यासारखं वाटतं, मग तो उपचार निरुपयोगी का असेना.

तिचा मुख्य प्रश्न मात्र जागेवरच होता. "म्हणजे माझी प्रतिकारशक्ती दोषी नाही?"

दोषी आहे, पण आरोप वेगळा आहे. तिची प्रतिपिंडं बाळातल्या बापाच्या अंशाशी भांडत नाहीत. ती तिच्याच एका प्रथिनाला चिकटतात, त्या बीटा-२ ग्लायकोप्रोटीनला, आणि हे प्रथिन वारेच्या पेशींवर भरपूर बसलेलं असतं. बाळ सर्वस्वी तिचंच असतं, बापाचा एक कणही नसता, तरी हेच झालं असतं. चिकटल्यावर पुढे काय होतं ते बरीच वर्षं 'गुठळ्या होतात' एवढ्यात आटपलं जायचं. पण फार लवकर गेलेल्या गर्भांत गुठळ्या दिसतीलच असं नाही. उंदरांवरच्या प्रयोगांनी दुसरा रस्ता दाखवला : प्रतिपिंड चिकटलं की कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची साखळी पेटते, तिच्यातून सी-५-ए सुटतं, ते न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावतं, आणि वारेत दाह सुरू होतो. २००४ मधला एक प्रयोग मला फार आवडतो. हेपरिन दिल्यावर उंदरांचे गर्भ वाचले. रक्त पातळ करणारी दुसरी औषधं, हिरुडिन आणि फोंडापॅरिनक्स, दिली तर वाचले नाहीत. म्हणजे हेपरिनचा गुण निदान तिथे तरी रक्त पातळ करण्यात नव्हता, कॉम्प्लिमेंटला आवरण्यात होता. उंदीर म्हणजे बाई नव्हे, हे खरंच. पण आपण जिला 'रक्त पातळ करायची सुई' म्हणतो ती कदाचित दाहाचंही औषध असावी, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

इथे एक घसरण होते, तीही सांगते. 'दाह वाईट' असं ऐकलं की बाई दाह कमी करायच्या मागे लागते. गर्भ रुजतो तोच दाहाच्या मदतीने. कळा सुरू होतात त्याही. मधले महिने तेवढे शांत असतात. दाह दाखवणारा ईएसआर गरोदरपणात आपोआप चढतो, पांढऱ्या पेशी वाढतात, गुठळ्यांची खूण मानलं जाणारं डी-डायमर वाढतं. हे आकडे लाल अक्षरांत छापून आले की घरचे घाबरतात, कारण लॅबच्या मर्यादा बहुधा गरोदर नसलेल्यांच्या असतात.

बारा आठवड्यांनी पुन्हा तिन्ही पॉझिटिव्ह. आता निदान लिहिलं. ल्युपसच्या बाकी खुणा नव्हत्या, अँटि-आरओ प्रतिपिंडंही नव्हती. ती बघावीच लागतात, कारण ती वार ओलांडून बाळाच्या हृदयाचे ठोके अडवू शकतात.

उपचार साधा. दिवस जाण्याआधीपासून कमी मात्रेचं अॅस्पिरिन. दिवस गेल्याचं कळताच रोज एनॉक्सापॅरिन, म्हणजे हेपरिनचाच एक प्रकार, ४० मि.ग्रॅ. पोटाच्या कातडीत, ते वार ओलांडत नाही. सोबत ल्युपसवर वापरतात ते हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, डोळे तपासून. या उपचाराचा आधार तिला आहे तसा सांगितला : १९९७ च्या ९० बायकांच्या चाचणीत नुसत्या अॅस्पिरिनवर ४२ टक्के जिवंत बाळं, हेपरिन जोडल्यावर ७१. पण २००२ च्या चाचणीत दोन गटांत असा फरक दिसला नाही. आणि ज्यांच्यात ल्युपस अँटिकोअॅग्युलंट असतं त्यांना उपचारानंतरही धोका राहतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या निरीक्षणात, पहिले १२ आठवडे पार पडल्यावरही अशा बायकांपैकी ३९ टक्के जणींत काहीतरी बिघडलं. ते नसलेल्यांत ३ टक्के. नवऱ्याने '७१' लिहून घेतलं. तिने '३९'.

पाच महिन्यांनी दिवस गेले. पहिली सुई तिने स्वतः टोचली, हात थरथरत होता, आणि सुई लगेच बाहेर काढली, त्यामुळे थेंबभर औषध कातडीवरच राहिलं. नंतर हात बसला. कातडीची चुणी धरायची, सुई उभी घालायची, औषध गेल्यावर जरा थांबायचं, जागा चोळायची नाही. चौदाव्या आठवड्यापर्यंत पोटावर हिरव्या-पिवळ्या डागांचा नकाशा झाला होता. अॅस्पिरिन आम्ही बाराव्या आठवड्यापासून रात्रीचं १५० मि.ग्रॅ. केलं. याच मात्रेने धोका जास्त असलेल्या बायकांत ३७ आठवड्यांच्या आतला प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी चढून लघवीत प्रथिनं जाण्याचा आजार) ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आल्याचं २०१७ मध्ये दिसलं होतं.

२० आठवड्यांच्या डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह बघणाऱ्या सोनोग्राफीत, दोन्ही गर्भाशय-धमन्यांच्या प्रवाहाच्या आलेखात खाच दिसली. धमन्या जेवढ्या सैल व्हायला हव्या होत्या तेवढ्या झाल्या नव्हत्या. २२वा आठवडा तिने झोपेशिवाय काढला. दोनदा नुसते ठोके ऐकायला आली, आणि दोन्ही वेळा आम्ही ऐकवले. २६ आठवड्यांना बाळ शंभरात बाराव्या जागी, लहान पण वाढतंय. ३२ आठवडे झाले आणि बीपी १५२/९८, लघवीत प्रथिनं.

दाखल केलं. बेटामेथासोनची दोन इंजेक्शनं दिली. ती दचकली, "स्टिरॉइड? तुम्हीच तर बंद केलं होतं." हे तिच्या प्रतिकारशक्तीसाठी नव्हतं, बाळाच्या फुप्फुसांसाठी होतं. प्रेडनिसोलोन वारेत बरंचसं निकामी होतं, बेटामेथासोन आरपार जातं. म्हणून इथे हेच.

त्याच संध्याकाळी दाखल होतानाच्या तपासण्यांचे कागद घेऊन एक तरुण डॉक्टर तिच्या खाटेपाशी आला. आवाज खाली घेतला. नवऱ्याला म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर थांबता का?" व्हीडीआरएल रिअॅक्टिव्ह, १:४. तिने नवऱ्याचा हात सोडला नाही. पिशवीतून आम्ही दिलेलं पत्र काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. "टीपीएचए करा, निगेटिव्ह येईल. आणि हे वाचा."

पुढच्या तीन दिवसांत बीपी औषधांनाही जुमानेना. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट, शेवटच्या हेपरिननंतर १२ तास मोजून पाठीतली भूल, आणि सिझेरियन. मुलगी, १ किलो ४८० ग्रॅम, लगेच रडली. एकोणीस दिवस एनआयसीयूत. हेपरिन सिझेरियननंतर सहा आठवडे चालू ठेवलं, कारण बाळंतिणीच्या रक्तात गुठळ्यांचा धोका तेव्हा सगळ्यात जास्त असतो.

तीन महिन्यांनी तपासलं तर ल्युपस अँटिकोअॅग्युलंट पॉझिटिव्हच होतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या तिला कायमच्या बंद, तांबी बसवली. वारेचा रिपोर्ट ती स्वतः घेऊन आली. मेलेले भाग याही वेळी होते, मागच्यापेक्षा कमी. पिन काढलेली होती आणि दुसऱ्या पानावर पेन्सिलने दोन ठिकाणी प्रश्नचिन्हं होती.